भट्टी कुणाची, आकार कुणाचा? चिनी झिलईच्या भांड्यांवरील परदेशी प्रभाव

१/
लोणच्याच्या बरणीपासून कपबशीपर्यंतच्या साऱ्या चकचकीत भांड्यांना मराठीने एकच नाव दिले आहे : चिनीमाती. भांडे कुठेही घडलेले असो, श्रेय एकाच देशाच्या खाती जमा. हे श्रेय कितपत रास्त आहे? चिनी कुंभारांनी बाहेरून काही घेतले का, आणि घेतले असल्यास नेमके काय? शांग काळापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांच्या झिलईदार भांड्यांची ही कहाणी आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते सारे काही चीनच्याच भूमीत उगवले. दुसऱ्या पक्षाला प्रत्येक सुंदर वस्तूमागे ग्रीक, रोमन किंवा इराणी गुरू दिसतो. दोन्ही पक्षांची चूक एकच : ते भांड्याकडे एकसंध वस्तू म्हणून पाहतात. आपण मात्र प्रत्येक भांड्याला पाच वेगळे प्रश्न विचारू. माती व भाजणी कुणाची? झिलईची कृती कुणाची? आकार कुणाचा? नक्षी कुणाची? आणि गिऱ्हाईक कोण? एकाच भांड्यात या पाच प्रश्नांची पाच वेगळी उत्तरे असू शकतात.

३/
प्रथम थोडे रसायन. झिलई म्हणजे भांड्याच्या पृष्ठभागावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. काचेचे मूळ द्रव्य म्हणजे वाळूतील सिलिका. परंतु शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते आणि प्राचीन भट्ट्यांना ती साधत नसे. म्हणून सिलिकेला लवकर वितळवणारे दुसरे द्रव्य मिसळावे लागते : चुनायुक्त राख, सोड्यासारखे क्षार किंवा शिसे. हे मदतनीस द्रव्य कोणते, त्यावरून झिलईचे कुळ ओळखता येते. पुढील साऱ्या वादात ही खूण आपल्याला उपयोगी पडेल.

४/
इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात, शांग काळाच्या सुमारास, चिनी कुंभार राखेच्या झिलईची भांडी भाजू लागले. हनान प्रांतातील झेंगझोऊ येथे अशी भांडी मिळाली आहेत. दक्षिणेकडे झेजियांगमधील देचिंग परिसरात त्यांच्या भट्ट्या सापडल्या आहेत. भट्टीचा ताप १२०० अंशांच्या आसपास असे. एवढ्या तापात सरपणाची उडती राख भांड्याच्या खांद्यावर बसते आणि तेथील माती काचेसारखी चकाकू लागते. ही चकाकी पाहूनच राख आणि माती कालवून मुद्दाम लेप देण्याची कल्पना सुचली असावी.

५/
याच काळात पश्चिम आशियातही झिलई होती. मेसोपोटेमियात इ.स.पू. १५०० च्या सुमारास झिलईदार मातीची भांडी बनू लागली आणि इजिप्तमध्ये निळ्या-हिरव्या झिलईच्या वस्तू त्याच्याही कितीतरी आधीपासून होत्या. पण त्यांचे कुळ वेगळे : ती क्षारांची झिलई, कमी तापात वितळणारी. चिनी झिलई राखेची व चुन्याची, प्रखर तापात पिकणारी. द्रव्य वेगळे, ताप वेगळा, खालची मातीही वेगळी. येथे गुरू-शिष्याचे नाते जोडायला जागाच नाही. मानवाने झिलईचा शोध एकाहून अधिक वेळा लावला, असेच म्हणावे लागते.

६/
पुढे दक्षिण चीनमध्ये डोंगरउतारावर लांबलचक भट्ट्या बांधल्या जाऊ लागल्या. त्यांना ‘लोंगयाओ’ म्हणजे ड्रॅगनभट्टी म्हणतात. खालच्या तोंडाशी जाळ केला की ज्वाळा उतारावरून आपोआप वर धावतात. धुराड्याचे काम डोंगरच करतो. राखेची झिलई, प्रखर ताप आणि ही भट्टी या त्रयीतूनच पुढची हिरवट छटेची सेलाडॉन भांडी आली. पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे माती व भाजणीचे उत्तर येथेच मिळते : हा पाया पूर्णतः चिनी आहे. बाहेरच्या जगाचा प्रवेश यानंतर होतो, आणि तो मण्यांच्या रूपाने होतो.

७/
१९७८ मध्ये हूबेई प्रांतात झेंग राज्याचा अधिपती यी याचे थडगे उघडण्यात आले. ते इ.स.पू. ४३३ च्या सुमाराचे. कांस्याच्या प्रचंड घंटांसाठी ते जगप्रसिद्ध आहे. त्याच थडग्यात दीडशेहून अधिक काचेचे मणी होते. प्रत्येकावर एकात एक वर्तुळांचे ‘डोळे’. दृष्ट लागू नये म्हणून असे मणी भूमध्य सागरापासून इराणपर्यंत वापरले जात. या मण्यांच्या काचेत सोडा व चुना आढळतो आणि ती पश्चिमेकडील काचेची ओळख आहे. इतिहासकार ज्याला ‘रेशीममार्ग’ म्हणतात तो अधिकृतपणे खुला होण्याच्या तीनशे वर्षे आधी हे मणी चीनमध्ये पोहोचले होते.

८/
मग काही काळातच चीनमध्ये तसेच दिसणारे, पण वेगळ्या काचेचे मणी तयार होऊ लागले. त्यांत शिसे आणि बेरियम ही जोडी आढळते. पश्चिमेकडील प्राचीन काचेत बेरियमचे असे प्रमाण आढळत नाही. ही चीनचीच खूण. याचा अर्थ सरळ आहे. चिनी कारागिरांनी परदेशी मणी पाहिले, त्यांची नक्षी उचलली, परंतु काच स्वतःच्या कृतीने बनवली. कृती सांगणारा कुणी परदेशी कारागीर सोबत आला असता, तर द्रव्येही तीच दिसली असती. येथे वस्तूने प्रवास केला, विद्येने नाही.

९/
या मण्यांचा ठसा भांड्यांवरही उमटला. युद्धरत राज्यांच्या काळातील, म्हणजे साधारण इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतील काही लहान मातीचे कुंभ जगभरच्या संग्रहालयांत आहेत. संख्या अगदी मोजकी. त्यांच्या अंगावर काचेचा रंगीत लेप देऊन तेच ‘डोळे’ आणि ठिपके काढले आहेत. माती चिनी, लेप चिनी कृतीचा, नक्षी पश्चिमेकडून आलेल्या मण्याची. आपल्या पाच प्रश्नांना एकाच लहानशा भांड्यात वेगवेगळी उत्तरे मिळण्याचे हे पहिले उत्तम उदाहरण आहे.

१०/
आता हान काळ (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०). पश्चिम हान काळात, आजच्या शान्शी प्रांताच्या परिसरात, शिशाच्या झिलईची भांडी अवतरली. तांब्यामुळे हिरवी, लोहामुळे तपकिरी. धान्याची कोठारे, विहिरी, चुली, टेहळणीचे मनोरे, राखणीचे कुत्रे : मृताला परलोकात जे जे लागेल, त्याच्या लहान प्रतिकृती करून थडग्यात ठेवल्या जात. ही झिलई कमी तापात वितळते आणि आरशासारखी चमकते. शिसे विषारी असते. पण ही भांडी बहुतांशी मृतांसाठी होती.

११/
हजार वर्षांहून अधिक काळ राखेची झिलई वापरणाऱ्या देशात ही सर्वस्वी वेगळी झिलई कुठून आली? त्याच सुमारास, इ.स.पू. पहिल्या शतकात, भूमध्य सागराच्या पूर्वेकडे, आजच्या तुर्कस्तानच्या भागात, रोमन जगातील शिशाच्या झिलईची भांडी बनू लागली होती. हिरवा रंग तोच, चमक तीच. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्थोल्ड लाउफर यांनी हान काळच्या भांड्यांवर १९०९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि झिलईची विद्या पश्चिमेकडून आल्याचे मत मांडले. पुढे अनेक दशके ते पुष्कळांनी स्वीकारले.

१२/
या मताला दोन अडचणी आहेत. शांग काळची राखेची झिलई पुढे उत्खननांतून समोर आली, तेव्हा ‘चीनला झिलई ठाऊकच नव्हती’ हा पायाच ढासळला. दुसरे असे की, शिसे वितळवून काच करण्याची विद्या चीनमध्ये आधीपासून होती. वर पाहिलेले शिसे-बेरियमचे मणी तिचेच साक्षीदार. त्या काचेतून भांड्यांच्या झिलईकडे जाणे हे एका घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासारखे आहे. त्यासाठी रोमपर्यंत जाण्याची गरज उरत नाही. म्हणूनच आज अनेक अभ्यासकांचा कल देशी उगमाकडे आहे, तरी वाद पूर्ण मिटलेला नाही.

१३/
येथे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा नियम हाती येतो. दोन वस्तू एकसारख्या दिसल्या, एवढ्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. तीन पुरावे लागतात : काळाचा क्रम जुळला पाहिजे, द्रव्यांची जुळणी पटली पाहिजे, आणि दोन ठिकाणांमध्ये ये-जा करणारी माणसे किंवा वस्तू दाखवता आल्या पाहिजेत. हान झिलईच्या बाबतीत हे तिन्ही दुवे भक्कमपणे जुळत नाहीत. पुढच्या शतकांत मात्र ते जुळू लागतात, आणि त्यातला पहिला दुवा आपल्याच देशातून जातो.

१४/
हान साम्राज्याच्या उत्तरार्धात बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला. तिसऱ्या शतकात, वू आणि पश्चिम जिन राजवटींच्या काळात, यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात सेलाडॉन झिलईचे एक विलक्षण पात्र बनत असे : ‘हुनपिंग’, म्हणजे मृतात्म्याचा कुंभ. वरच्या भागी मजल्यांची घरे, पक्षी, माणसे यांची गर्दी. त्या गर्दीत लहानशा बसलेल्या बुद्धमूर्तीही दिसू लागतात. त्या काळी चिनी कारागिराला बुद्ध म्हणजे कदाचित परलोकात साहाय्य करणारा आणखी एक परदेशी देव वाटला असेल. भट्टी व झिलई जुनीच; आत शिरला तो पाहुणा देव.

१५/
पुढच्या दोन-तीन शतकांत हा पाहुणा घरचा झाला. १९४८ मध्ये हबेई प्रांतातील जिंगश्येन येथे फेंग घराण्याच्या थडग्यांतून हिरव्या झिलईचे भव्य कुंभ निघाले. त्यांच्या अंगावर वरून खाली आणि खालून वर वळलेल्या कमळपाकळ्यांचे थरावर थर आहेत. जणू संपूर्ण कुंभच एक उमलते कमळ. चिनी कलेला कमळ ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पाकळ्यांच्या आसनाचा हा डौल भारतीय बौद्ध शिल्पांच्या परंपरेतून मध्य आशियामार्गे आलेला आहे. सहाव्या शतकात उत्तर चीनच्या भांड्यांवर तो जागोजागी भेटतो.

१६/
भारताचा ठसा आकारावरही उमटला. बौद्ध भिक्षूंचे पाण्याचे पात्र म्हणजे संस्कृतातील ‘कुंडिका’. चिनी भाषेने हा शब्द ‘जुन्-छि’ असा उचलला. आपल्या झारीशी तिचे नाते लगेच ध्यानात येते, पण एक फरक आहे : कुंडिकेत खांद्यावरच्या तोटीतून पाणी भरतात आणि वरच्या बारीक नळीतून ओततात. नालंदेत राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग (प्रवासकाळ इ.स. ६७१ ते ६९५) नोंदवतो की भिक्षूजवळ दोन पात्रे असावीत : शुद्ध पाण्यासाठी मातीचे किंवा झिलईदार, आणि हातपाय धुण्याच्या पाण्यासाठी तांब्या-लोखंडाचेही चालेल.

१७/
म्हणजे येथे आकाराबरोबर आचारही आला, आणि त्या आचारातच झिलईदार भांड्याला मागणी होती. १९६९ मध्ये हबेईतील दिंगझोऊ येथे दोन बौद्ध मनोऱ्यांच्या पायातील तळघरे उघडली गेली, ती इ.स. ९७७ आणि ९९५ मध्ये बंद झालेली. आत पांढऱ्या झिलईची भांडी रचून ठेवलेली होती आणि त्यांत कुंडिकाही होत्या. पश्चिमेकडून तीन शतकांपूर्वी सांगितलेला भिक्षूंचा आकार चिनी भट्टीतील निर्मळ पांढऱ्या अंगावर उभा राहिला होता.

१८/
आता वायव्येकडे, वाळवंटी व्यापारमार्गावर जाऊ. १९८३ मध्ये निंग्श्यातील गूयुआन येथे ली श्येन या सेनापतीचे थडगे (इ.स. ५६९) खोदले गेले. त्यात चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली सुरई मिळाली. आकार ससानी इराणी धाटणीचा. अंगावर ट्रॉयच्या युद्धकथेतील ग्रीक पात्रे. घडली ती बहुधा बॅक्ट्रियात, आजच्या अफगाणिस्तानच्या परिसरात. ग्रीक कथा, इराणी आकार, मध्य आशियाई सोनार आणि चिनी सेनापतीचे थडगे! येथे वस्तूचा प्रवास प्रत्यक्ष हाती लागतो.

१९/
अशी चांदी सेनापतींना परवडत असे, इतरांचे काय? सहा वर्षांनंतरचे, इ.स. ५७५ चे, फान त्सुई याचे थडगे हनानमधील आनयांग येथे १९७१ मध्ये सापडले. त्यात पिवळसर झिलईची चपटी कुपी होती. तिच्यावर साच्यातून उठवलेले चित्र असे : कमळासनावर नाचणारा, लांब बाह्यांचा अंगरखा व उंच बूट घातलेला पुरुष, भोवती वादक. वेश व चेहरे मध्य आशियाई. नर्तकाच्या पायाखालच्या कमळात भारत, अंगरख्यात सोग्द आणि अंगावरच्या झिलईत चीन आहे.

२०/
सोग्द म्हणजे आजच्या समरकंद-बुखाऱ्याचा परिसर. तेथील व्यापारी चौथ्या ते आठव्या शतकांत रेशीममार्गाचे खरे वाहक होते. चिनी शहरांत त्यांच्या वस्त्या होत्या. त्यांच्यामुळे धातूची भांडी आली आणि कुंभार ती मातीत उतरवू लागले. नाशपातीसारखे अंग, पायाशी उंच बैठक, मुठीच्या वर अंगठा टेकवण्यासाठी गोळी : हे सारे तपशील धातूकामाला आवश्यक आहेत, मातीला नाहीत. मातीच्या भांड्यावर असा निरुपयोगी तपशील दिसला, की मूळ नमुना धातूचा होता हे ओळखावे.

२१/
तांग काळात (६१८ ते ९०७) हा ओघ शिगेला पोहोचला. ‘सानत्साई’ म्हणजे तीन रंगांची शिशाची झिलई : हिरवा, अंबरी, पांढरा, आणि काही वेळा कोबाल्टचा निळा. तिच्यातील पक्षिमुखी सुरया पाहाव्यात. आकार इराणी चांदीचा. एका अंगाला फिनिक्स, दुसऱ्या अंगाला धावत्या घोड्यावरून मागे वळून बाण सोडणारा स्वार. हे दृश्य ससानी राजांच्या आवडीचे. दोन कानांचे मोठे कुंभ मात्र मिश्र कुळाचे : त्यांचे एक मूळ चिनी ‘कोंबडतोंडी’ सुरईत सापडते, दुसरे पश्चिमेच्या दोनकानी कुंभात.

२२/
माणसेही मातीत उतरली. शीआनजवळ श्येनयू तिंगहुई याच्या थडग्यातून (इ.स. ७२३) तीनरंगी झिलईचा उंट निघाला. त्याच्या पाठीवर वादकांची मैफल बसली आहे आणि त्यांत दाट दाढीचे परदेशी चेहरे आहेत. ही शिल्पे पाहून तांग राजधानीच्या उदारतेचे गोडवे नेहमी गायले जातात. पण चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ‘प्रभाव’ हा शब्द फार निरागस वाटत राहील.

२३/
इ.स. ७५५ मध्ये सोग्दी पित्याचा पुत्र आन लूशान याने बंड केले आणि साम्राज्य हादरले. त्यानंतर परदेशी चेहऱ्यांविषयीचा संशय वाढला. ७६० मध्ये यांगझोऊ बंदरात सरकारी सैन्याने हजारो अरब व इराणी व्यापाऱ्यांची कत्तल केली. ८७८-७९ च्या सुमारास बंडखोर हुआंग चाओच्या फौजेने ग्वांगझोऊ लुटले. तेथे १,२०,००० परदेशी मारले गेले, असे अबू झैद हा अरब लेखक सांगतो. आकडा अतिशयोक्त मानला जातो, संहार मात्र खरा. ज्यांच्या वेशाचे उंट थडग्यात मानाने ठेवले गेले, त्यांचे जिवंत आयुष्य असे दोरीवर चालले होते.

२४/
जमिनीचा मार्ग धोक्याचा झाला तसा समुद्र महत्त्वाचा ठरला. पश्चिमेकडे बगदादच्या अब्बासी खलिफांचा काळ होता. इतिहासकार बैहकी लिहितो की खुरासानच्या सुभेदाराने हारून अल्-रशीदला चिनी राजघराण्याच्या प्रतीची २० भांडी आणि इतर २,००० चिनी भांडी पाठवली. ८५१ च्या एका अरबी वृत्तान्तात तर चिनी पेल्यांतील पाणी बाहेरून दिसते, असे नवल नोंदले आहे. बसऱ्याच्या कुंभारांकडे ती पांढरी माती नव्हती. त्यांनी झिलईत कथील मिसळून ती अपारदर्शक पांढरी केली आणि त्या पांढऱ्यावर कोबाल्टने निळी चित्रे काढली.

२५/
आता प्रभावाची दिशा उलटी फिरते. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेले गलबत सापडले : फळ्या खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या, पश्चिम हिंदी महासागरातील पद्धतीचे. आत सुमारे ६०,००० चिनी भांडी. एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारी तारीख कोरलेली. बहुसंख्य वाडगे हूनानमधील चांगशाच्या भट्ट्यांचे, झपाट्याने रंगवलेले, घाऊक मालाचे. एवढा माल एका जहाजात म्हणजे कुंभार आता समुद्रापलीकडचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून काम करत होता. आज हा साठा सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहे.

२६/
त्या ढिगात पांढऱ्यावर निळ्या चित्रांच्या फक्त तीन थाळ्या होत्या, हनानमधील गोंगयीच्या भट्टीच्या. मधोमध चौकट आणि तिच्या कोपऱ्यांतून फुटणारी पाने : बसऱ्याच्या भांड्यांवरील नक्षीच ही. अशी खापरे १९७५ मध्ये यांगझोऊ बंदरातही मिळाली; चीनच्या अंतर्भागात ती तुरळकच. म्हणजे चिनी पांढऱ्या भांड्याची नक्कल इराकने केली, त्यावर निळे रंगवले, आणि तो निळा नमुना पुन्हा चिनी कुंभाराकडे पोहोचला. पुढे चौदाव्या शतकात जिंगदेझनमध्ये निळ्या-पांढऱ्या पोर्सेलिनचा जो बहर आला, त्यातही पश्चिम आशियाई कोबाल्ट व गिऱ्हाईक यांचा वाटा होता.

२७/
काय घेतले याइतकेच काय घेतले नाही हेही बोलके असते. फूझोऊ येथे १९६५ मध्ये मिन राज्याच्या राणीचे, ल्यू हुआचे थडगे (इ.स. ९३०) उघडले. त्यात गडद फिरोजी झिलईचे तीन मोठे इराणी रांजण होते. राजघराण्याला ते मौल्यवान वाटले म्हणूनच थडग्यात गेले. तरी त्या फिरोजी क्षार-झिलईचा उद्योग चिनी कुंभारांनी त्या काळी उभारला नाही. त्यांच्या मातीला आणि प्रखर भट्टीला ती मानवणारी नव्हती. पसंती असूनही कृती उचलली जात नाही, कारण अखेर भट्टी ठरवते.

२८/
हा सागरी मार्ग आपल्या किनाऱ्यावरूनही जात होता. पालघरच्या सीमेलगत, आज गुजरातेत असलेल्या संजाणच्या उत्खननात पश्चिम आशियाई फिरोजी झिलईची खापरे आणि चिनी खापरे दोन्ही मिळाली आहेत. पालघर जिल्ह्यातील चिंचणीच्या ताम्रपटांनुसार इ.स. ९२६ मध्ये राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने या संजाण मंडलाचा कारभार मुहम्मद नावाचा ‘ताजिक’, म्हणजे अरब, पाहत होता. ल्यू हुआच्या थडग्यातील रांजणांच्या जातीची भांडी त्याच शतकात कोकणच्या वेशीवरही उतरत होती.

२९/
आता पाच प्रश्नांचा हिशेब. माती व भाजणी : चिनी. राखेची झिलई : चिनी. शिशाची झिलई : बहुधा चिनी काचेची लेक. आकार : सहाव्या शतकापासून इराण, सोग्द व भारत यांचे मोठे ऋण. नक्षी : मण्यांच्या डोळ्यांपासून कमळ व बसऱ्याच्या पानांपर्यंत सर्वांचा वाटा. गिऱ्हाईक : नवव्या शतकात बगदादपर्यंत पसरलेले. ‘सारे चीनचे’ आणि ‘सारे परकीय’ ही दोन्ही वाक्ये या तक्त्यापुढे टिकत नाहीत. शिवाय मूळ भक्कम होते म्हणूनच चिनी कुंभार इतके मोकळेपणाने घेऊ शकला, हेही या तक्त्यातून दिसते.

३०/
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी भांड्यांचे दालन आहे. पुढच्या भेटीत एखाद्या सुरईपुढे थांबावे आणि हे पाच प्रश्न तिला विचारून पाहावेत. हीच पद्धत पैठणीच्या पदराला, वाड्याच्या कमानीला आणि आपल्या ताटातल्या मिरचीलाही लावता येते. आपल्या परिसरातील अशी कोणती वस्तू आपल्याला आठवते, ते अवश्य कळवावे. निवडक वस्तूंवर पुढचा धागा करू.